माजी विद्यार्थ्यांचं पोर्टल करताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरातल्या कॉलेजांना माजी विद्यार्थ्यांची आठवण येते ती नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, टीम यायची वेळ झाली की. निकष ५.४ माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा, त्यामुळे फोन येतो, "भावा, पंधरा दिवसांत पोर्टल होऊन जाऊ दे की." होतंही. तयार थीम (वेबसाइटचा आयता साचा) चढवायची, प्राचार्यांचा संदेश टाकायचा, फीत कापायची. पुढे काय होतं ते निस्तरायला आमच्यासारख्यांना बोलावतात, आणि दर वेळी चुका त्याच.

पहिली चूक नावाची. परदेशी थीममधला फॉर्म नाव आणि आडनाव असे दोन रकाने देतो आणि पोर्टल करणारी पोरं तो तसाच ठेवतात. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. त्यातून मुलीचं लग्न झालं की मार्कलिस्टवर पाटील आणि आधारवर देसाई, मधलं नावही बदललेलं. अशी बाई नोंदणीला आली की पोर्टल म्हणतं, 'नोंद सापडली नाही.' ती एकदा प्रयत्न करते, फार तर दोनदा. तिच्या मैत्रिणी तिला पाटील म्हणून शोधतात, त्यांनाही ती मिळत नाही. मग 'महिलांचा प्रतिसाद कमी' असा शेरा अहवालात जातो!

मी 'पदवीवरचं नाव' आणि 'सध्याचं नाव' असे दोन वेगळे रकाने ठेवतो. शोध दोन्हींत चालतो, दिसायचं कोणतं ते तिनं ठरवायचं. आणि गावाचा रकाना हवाच. इथं नुसतं पाटील म्हणून कोण ओळखू येतं? वडणग्याचा की कसबा बावड्याचा, हा पुढचा प्रश्न असतोच. तालुक्यांची यादी करताना कोल्हापूरचे १२ तालुके टाकून थांबू नका. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, सांगली-सातारा त्यात आहेतच, आणि २००४ मध्ये वेगळं विद्यापीठ होईपर्यंत सोलापूरही होतं. तिकडची जुनी मंडळी यादीत आपला जिल्हा शोधत बसतात.

पदवीच्या वर्षांची यादी १९९० पासून सुरू करणाऱ्यांना तर काय बोलावं. देणगीला हात सैल असलेली पिढी नेमकी त्याआधीची.

दुसरी चूक एक्सेलची, आणि हिच्यावर माझा विशेष राग आहे. एका कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला १६ अंकी क्रमांक होता, शेवटचे आकडे वर्गातल्या अनुक्रमाचे. डेटाबेसमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) ऑफिसातल्या कोणीतरी 'जरा स्पेलिंगं बघतो' म्हणून डबल क्लिक करून उघडली. क्रमांकाच्या जागी ई प्लस पंधरा असलं काहीतरी दिसलं. त्यानं तो रकाना नंबर करून घेतला, आकडे परत दिसले, फाइल सेव्ह. पण एक्सेल आकड्याचे १५ च अंक धरतं, सोळाव्याचं शून्य करतं. म्हणजे लागोपाठच्या दहा जणांचा क्रमांक एकच झाला. त्यात डेव्हलपरनं इम्पोर्ट, म्हणजे फाइल पोर्टलमध्ये भरायचा प्रोग्रॅम, लिहिलेलं 'क्रमांक आधीच असेल तर जुनी नोंद बदला' असं. साठ मुलांच्या वर्गातली पोर्टलवर उरली सहा-सात. आठवडाभर सगळे सर्व्हरला शिव्या देत होते, होस्टिंग (सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी) बदलायचा ठरावसुद्धा झाला.

फाइल उघडल्यावर क्रमांकांच्या शेवटी ओळीनं शून्यं दिसत होती. बघायला दोन मिनिटं लागतात, पण बघायला आधी फाइल उघडावी लागते. माझी सवय अशी: मूळ फाइल कोणाच्या हाती द्यायची नाही, प्रतीत तो रकाना आधीच टेक्स्ट म्हणून आयात करायचा, आणि इम्पोर्टच्या आधी नि नंतर ओळी मोजायच्या. ओळी जुळल्या नाहीत तर त्या दिवशी पुढचं काम बंद.

जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठी म्हणूनच वाचता येईल अशा रूपात, करून घ्या. दिसायला मराठी असतात, डेटाबेसात इंग्रजी अक्षरांचा काला जातो.

फक्त मोबाइल ओटीपीवर लॉगिन ठेवू नका, दुबईला गेलेल्याचं इथलं सिम कधीच बंद झालेलं असतं. ईमेलवरून लॉगिनची लिंक द्या. मेळाव्याचा मराठी एसएमएस ७० अक्षरांत (काना-मात्रा वेगळ्या मोजून) बसवा, इंग्रजीसारखी १६० मिळत नाहीत. जास्त झाली की एका मेसेजला दोनचे पैसे. सामूहिक ईमेल होस्टिंगच्या फुकट मेलवरून सोडलेत तर स्पॅममध्ये जाणार. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याच पत्त्यावरून आला हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) तिन्ही मागतं. कमी पाठवत असलात तरी लावून टाका, तासाभराचं काम आहे.

मोबाइल नंबरांची यादी उघड्यावर ठेवणं हा निव्वळ आळस. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीचं कलम आहे, पण कायद्याआधी विमा एजंट पोचतात. नंबर लपवा, 'संपर्काची विनंती' असं बटण द्या.

राहिली मंजुरी. नवी नोंदणी एका प्राध्यापकांच्या लॉगिनवर जाते, ते निवृत्त होतात आणि अर्ज 'प्रलंबित' राहतात. पासवर्ड कोणाकडे, हेही कोणाला माहीत नसतं. मी मंजुरी बॅचवाल्यांकडे देतो. त्याच वर्षाच्या दोघांनी 'ओळखतो' म्हटलं की खातं सुरू, आणि तीन दिवसांत कोणी काही बोललं नाही तर अर्ज आपोआप माजी विद्यार्थी संघाच्या सचिवांकडे. सचिव बदलले की ईमेल बदलायला लागू नये म्हणून तो पत्ता पदाच्या नावानं काढायचा.