बाळ रात्री सारखं उठतंय? स्लीप कोर्सला पैसे भरण्याआधी या चुका टाळा

बाळ आठ महिन्यांचं झालं तरी रात्रीतून चार-पाच वेळा उठतं. पहाटे तीनला त्याला मांडीवर घेऊन आई मोबाईल चाळत बसते, आणि मोबाईलला तिचं दुखणं आधीच कळलेलं असतं: ‘14 दिवसांत बाळ रात्रभर झोपेल, आजच नोंदणी करा.’ काही हजार रुपयांत एक पीडीएफ, दोन-तीन व्हिडिओ कॉल आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पूर्वी हे पुण्या-मुंबईचं खूळ वाटायचं. आता कुडाळ, चिपळूण, दापोलीच्या लेकीसुनाही यूपीआयने पैसे भरून मोकळ्या होतात.

या कोर्सने फरक पडतो का? पडतो, काही बाळांना आणि काही बाबतींत. पण तो फरक पैसे न मोजताही मिळवता येतो. आणि आपल्याकडची बाळं ज्या कारणांनी उठतात, त्यातल्या निम्म्या गोष्टींवर त्या पीडीएफमध्ये ओळसुद्धा नसते.

सहा महिन्यांच्या बाळाने सलग झोपावं ही अपेक्षा

पहिली चूक इथेच होते. कॅनडात 388 बाळांवर केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण सुमारे 28 टक्के होतं. ही बाळं वाढीत किंवा हुशारीत कुठेही मागे नव्हती. म्हणजे तुमच्या मांडीवरचं बाळ बिघडलेलं नाही. त्यात दुरुस्त करायला काही नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

दिवस कुठला नि रात्र कुठली हे बाळाच्या शरीराला साधारण दोन ते चार महिन्यांत कळू लागतं. त्याआधी कोर्स घेणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. त्या वयात बाळ भुकेने उठतं आणि उठायलाच हवं.

श्रेय चुकीच्या माणसाला देणं

या कोर्समध्ये असतं काय? झोपायची ठरलेली वेळ, त्याआधी रोज त्याच क्रमाने अंघोळ-दूध-अंगाई, पूर्ण झोप लागायच्या आधी बाळाला अंथरुणावर ठेवणं, आणि रडलं तर थोडं थांबून जवळ जाणं. या गोष्टी 1980च्या दशकापासून सर्वांना माहीत आहेत, त्यात गुपित काही नाही.

त्यांची नीट तपासणीही झालेली आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये सरकारी बालआरोग्य केंद्रातल्या परिचारिकांनी आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना हेच शिकवलं. झोपेच्या तक्रारी कमी झाल्या, आयांचं मनही हलकं झालं. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा नुकसान काही नव्हतं आणि टिकून राहिलेला फायदाही नव्हता. कॅनडातल्या 2015च्या एका अभ्यासातही आईबापांना सार्वजनिक आरोग्य परिचारिकांनीच शिकवलं. त्यांचा थकवा कमी झाला, घरात उदासी कमी झाली. पण बाळाच्या पायाला बांधलेल्या यंत्राने मोजलं, तर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या घरांतली बाळं जवळपास सारखीच उठत होती. फक्त शिकवलेल्या घरांतली बाळं हाक न मारता परत झोपत होती.

हे नीट समजून घ्या, कारण जाहिरात नेमकं उलटं सांगते. कोर्सने बाळाचं उठणं थांबत नाही, तुम्हाला उठवणं कमी होतं. तेही थोडं नव्हे, रात्री पाचदा उठणाऱ्या बाईला विचारा. पण दोन्ही अभ्यासांत हे शिकवणाऱ्या सरकारी परिचारिका होत्या, इन्स्टाग्रामवरच्या ताई नव्हत्या.

शिवाय बाळ महिन्यागणिक आपसूक सुधारत असतं. सगळ्यात वाईट आठवड्यात वैतागून पैसे भरले, तर त्यानंतरचे दोन आठवडे बहुतेक थोडे बरेच जाणार. मग ग्रुपवर ‘मॅजिक!’ लिहून येतं. ज्यांचं काही झालं नाही, त्या गुपचूप ग्रुप सोडतात.

दुसऱ्याच्या घरासाठी लिहिलेला तक्ता आपल्या घरात लावणं

कुडाळच्या माझ्या पुतणीने असा एक कोर्स घेतला. मे महिन्यात तिच्या ओटीवर बसून आम्ही दोघींनी ती पीडीएफ वाचली. खोली 20 ते 22 अंशांवर ठेवा. खिडक्यांना काळे जाड पडदे लावा. बाळाला स्लीप सॅकमध्ये, म्हणजे पांघरुणाऐवजी अंगात घालायच्या पिशवीत घाला. संध्याकाळी सातला, त्याच्या स्वतःच्या खोलीत झोपवा. बाहेर रात्री नऊलासुद्धा पान हलत नव्हतं, वीज तासाभरापूर्वी गेलेली, आणि बाळाच्या मानेवर घामोळ्यांची लालभडक माळ. सातला तर तिचा नवरा दुकानातच असतो. बाप-लेकाची भेट व्हायची तीच वेळ. स्वतःची खोली म्हणाल, तर त्या घरात आजोबांनासुद्धा नाही.

रडू द्यायचा पहिला प्रयोग तीन मिनिटं चालला. मग सासूबाई दारात: ‘अगो, पोराक कित्याक रडवतंस?’ आणि बाळ कडेवर. सासूबाईंचा यात दोष काहीच नाही. पण थांबून जवळ जाण्याची पद्धत घरातल्या सगळ्यांनी पाळली तरच चालते. एक दिवस पाच मिनिटांनी उचललं, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांनी, तिसऱ्या दिवशी आजीने लगेच, असं झालं की बाळ एवढंच शिकतं की पुरेसं जोरात रडलं तर कोणीतरी येतं. सगळे एकमताने करणार नसतील तर सुरूच करू नका.

भरल्या घरात त्याहून बरं चालतं ते झोपेची वेळ सरकवणं. ऑस्ट्रेलियातल्या 43 बाळांच्या एका अभ्यासात (2016) हाही मार्ग तपासला गेला, आणि ही बाळं आधीपेक्षा लवकर झोपी जाऊ लागली. बाळाला खरोखर झोप लागते ती वेळ आठवडाभर टिपा. समजा ती साडेदहा आहे. मग त्याला साडेदहालाच आडवं करा, आठ वाजल्यापासून झुंजत बसू नका. चार-पाच दिवस पटकन झोपू लागलं की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या. सकाळी उठवायची वेळ मात्र ठरलेली ठेवा. फारसं रडणं नाही, आणि आजीचीही हरकत नसते. सातचा हट्ट तर सोडूनच द्या. सतरा देश-प्रदेशांतल्या बाळांची पाहणी झाली होती, तिच्यातही आशियातली बाळं उशिरा झोपतात आणि आईवडिलांजवळच झोपतात हेच दिसलं होतं.

आणखी एक. गणपती किंवा शिमगा आठ-दहा दिवसांवर आला असेल तर यातलं काहीही सुरू करू नका. चाकरमानी येणार, घरात पंधरा माणसं, रात्री आरत्या-भजनं. बाळाची घडी विस्कटणारच. सगळे परत गेले की बघा.

कारण न शोधता सवय मोडायला निघणं

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बाळ का उठतंय ते न बघता त्याला ‘स्वतः झोपायला’ शिकवायचं.

आधी अंग बघा. काखेत, मानेत, जांघेत घामोळं आहे का? पावसाळ्यात लंगोट चुलीवर, पंख्याखाली कसेबसे सुकवतो. हाताला कोरडे लागतात पण शिवणीत ओल राहते. रात्रभर तो दमट कपडा घासला की बाळ किरकिरणारच. बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांवर बारीक पुरळ आणि घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. तिला औषध लागतं आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकदम लावावं लागतं. मच्छरदाणीला भोक आहे का तेही बघा. कॉईल मात्र बाळाच्या खोलीत नको, धुराने नाक चोंदतं आणि चोंदलेल्या नाकाने बाळ दर तासाला उठतं.

मग वजन. अंगणवाडीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माता-बाल कार्डावर वजनाची रेघ वर जातेय ना? दिवसातून सहा-सात वेळा शू होते ना? रेघ आडवी झाली असेल तर रात्रीचं दूध कमी करायचा विचारसुद्धा नको. बाळ भुकेलं आहे. सहा महिन्यांनंतर उलटंही घडतं. बाळ दिवसभर आजूबाजूला बघण्यात रमतं, नुसती पेज दोन चमचे खातं आणि सगळी भूक रात्री भागवतं. दिवसा मुगाची खिचडी, अंडं, मऊ केलेला मासा, वरून तूप असं दाट खाणं वाढवलं की रात्रीच्या हाका पुष्कळदा कमी होतात.

लोहाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 67.1 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. लोह कमी असलेल्या मुलांची झोपही अस्वस्थ असू शकते. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं सिरप आशाताई फुकट देते. ती बाटली फळीवर न उघडता पडली असेल तर स्लीप कोर्स राहू दे, आधी ती उघडा.

रोज घोरणं, झोपेत श्वास अडकणं, कान ओढून रडणं, ताप, दूध पिताना कमान करून रडणं: यातलं काहीही असेल तर बालरोगतज्ज्ञ. ग्रुपवर प्रश्न टाकू नका.

गुंगी आणणारे उपाय

परसात जायफळाचं झाड आहे म्हणून गुटीत चार वळसे जास्त उगाळणं ही आपली खास कोकणी चूक. जायफळाने बाळ निजतं ते गुंगीने. चार वळशांत नेमकं किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही आणि जास्त झालं तर विषबाधा होते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नाही. मध वर्षापर्यंत नाही. सर्दीचं सिरप झोप येते म्हणून देणं त्याहून वाईट. क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रिनचं एकत्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना देशाच्या औषध नियंत्रकांनी 2023 साली काढली आहे. बाटलीवरची नावं वाचा.

अंथरुणाबद्दल थोडक्यात. बाळ पाठीवर, टणक सपाट गादीवर, आईच्या खोलीत पण शक्यतो वेगळ्या गादीवर. मोहरीची उशी आणि वर गोधडी नको. लुगड्याची झोळी दुपारी डोळ्यांसमोर ठीक, रात्रभर नको. तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. शेजारी झोपणाऱ्याने दारू किंवा विडी-सिगारेट घेतलेली असेल तर बाळ त्याच्या गादीवर अजिबात नको.

आईच्या झोपेचा हिशोब न करणं

नवरा मुंबईला, सासू दिवसभर राबलेली, रात्र सगळी आईच्या वाट्याला. तिथे बाळाला शिकवण्याआधी पाळी बदला. रात्री नऊ ते एक कुणीतरी दुसऱ्याने बाळ सांभाळायचं, दुधापुरतं आईकडे आणायचं आणि परत न्यायचं. बाळ झोपलं असतानाही आईला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भलते विचार येत असतील, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरलेल्या असतात. झोपेचं गाऱ्हाणं त्या दिवशी तिच्यापुढे मांडा. ती पीडीएफ देणार नाही, पण कार्डावरची वजनाची रेघ बघेल.

एवढं करूनही पैसे भरायचेच असतील तर

बाळ सहा महिन्यांच्या वरचं, वजन चांगलं, डॉक्टरांनी तपासलेलं, घरचे राजी, आणि रोज कुणीतरी फोनवर धीर देणारं हवं असं वाटत असेल, तर कोर्स घ्यायला माझी ना नाही. काही जणींना त्या धीराचेच पैसे वसूल होतात. फक्त लक्षात घ्या, ‘स्लीप कन्सल्टंट’ अशी पाटी लावायला आपल्याकडे डॉक्टरांसारखी नोंदणी लागत नाही. पैसे देण्याआधी बघा की समोरची बाई बाळाचं वजन, खाणं, घोरणं विचारते का, की थेट तक्ता पाठवते. एका खोलीत, एका पंख्याखाली चौघं झोपतात हे सांगितल्यावर ती काय म्हणते तेही ऐका. चार महिन्यांच्या बाळाचं रात्रीचं दूध तोडायला सांगणारीला नमस्कार करून फोन ठेवा. ‘फरक नाही तर पैसे परत’ असं म्हणत असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.