स्टेअरलिफ्ट वापरताना: आधी जिना, मग खुर्ची

स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्यावरच्या रुळावरून बसलेल्या माणसाला वर-खाली नेणारी मोटरची खुर्ची. तिच्यात बसण्याआधी जिना नीट पाहून घ्या. स्टेअरलिफ्टचा रूळ बहुतेक वेळा भिंतीला नाही, तर पायऱ्यांनाच बोल्टने आवळलेला असतो. त्यामुळे पायरीवर राहिलेली चप्पल, खेळणं किंवा कपड्यांची टोपली थेट खुर्चीच्या वाटेत येते. फूटरेस्टच्या आणि मोटरच्या पेटीच्या कडा दाबल्या गेल्या की खुर्ची आपोआप थांबते हे खरं, पण ती थांबणार अर्ध्या जिन्यात. वस्तू काढायला बसलेल्या माणसाने तिथे वाकायचं नाही. बटण उलट दिशेला दाबून खुर्ची थोडी मागे न्यायची आणि वस्तू दुसऱ्या कुणीतरी उचलायची. दुसरं कुणी जिन्यावरून येत-जात असेल तर त्याला आधी जाऊ द्या.

मग कपडे. शालीचं टोक, ओढणी, गाऊनचा घेर मांडीवर गोळा करून घ्या, कारण रुळाच्या दात्यांत कापड सहज ओढलं जातं. काठी बाहेर लोंबकळत ठेवू नका, मांडीवर आडवीही नको. कठड्याला अडकणार नाही अशी अंगालगत उभी धरा, नाहीतर वर आणि खाली एकेक काठी ठेवा. मला हा दुसरा उपाय जास्त पटतो. मोबाइल खिशात हवाच.

बसताना गुडघ्यांची मागची बाजू खुर्चीला टेकल्याशिवाय अंग सोडू नका. पाय पूर्णपणे फूटरेस्टवर घ्या, खुर्चीचे हात खाली करा आणि पट्टा लावा. हात वर राहिले तर बऱ्याच खुर्च्या जागच्या हलत नाहीत, पण पट्टा लावलाय का हे पुष्कळ खुर्च्या तपासत नाहीत. ते आपल्यालाच पाहावं लागतं, जिना कितीही छोटा असला तरी. खुर्चीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचून ठेवा. नातवंडाला मांडीवर घेऊन किंवा जड पिशवी घेऊन बसू नका. ही खुर्ची एकाच माणसासाठी असते.

बटण दाबून धरलं तरच खुर्ची चालते, बोट उचललं की थांबते. बसलेल्या माणसाला भोवळ आली तर त्याला वाचवणारी सोय हीच. बोटं दुखतात म्हणून बटणाला रबरबँड किंवा चिकटपट्टी लावून ठेवणं फार घातक आहे. हात थरथरत असतील तर दाबायला सोपा, मोठा दांडा बसवून मिळतो का ते विचारा. खुर्चीचा वेग सेकंदाला जेमतेम 15 सेंटिमीटर, म्हणजे 4 मीटरच्या रुळाला अर्धा मिनिट लागणारच. तेवढा वेळ शांत बसायचं.

सगळ्यात जास्त जपायचं ते वरच्या टोकाला उतरताना. तिथे पाठीमागे अख्खा जिना असतो. खुर्ची स्वतःहून थांबेपर्यंत बटण सोडू नका. एक पायरी अलीकडे थांबलात तर उतरायची जागा मिळत नाही. थांबल्यावर बाजूचा दांडा ओढून खुर्ची मजल्याच्या दिशेला फिरवा. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. आला नाही तर अंगाने हलकेच हलवून पाहा. नीट अडकलेली खुर्ची डगमगत नाही. त्यानंतर पट्टा सोडा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवा आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठा. आधी पट्टा सोडून मग खुर्ची फिरवायची सवय लागली असेल तर ती मोडा. फिरवलेली खुर्ची उतरल्यावरही लगेच सरळ करू नका. तशीच राहिली तर जिन्याच्या तोंडाशी आडोसा होतो, आणि सरळ करेपर्यंत ती चालतही नाही.

खुर्ची सहसा बॅटरीवर चालते. आत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, आणि बऱ्याच खुर्च्यांत त्या रुळाच्या टोकांना असलेल्या चार्जिंगच्या पट्ट्यांवर भरतात. त्यामुळे खुर्ची अधेमधे उभी ठेवायची नाही, आणि चार्जिंगच्या सॉकेटचा स्विच कुणी बंद करणार नाही असं पाहायचं. सतत टीं-टीं आवाज येत असेल तर चार्जिंग होत नाहीये असं समजा. वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. त्या गरजेपुरत्या वापरा. चढताना खुर्ची मंदावू लागली की बॅटऱ्या संपत आल्यात. त्या साधारण 3 ते 5 वर्षं टिकतात आणि दोन्ही एकदमच बदलाव्या लागतात.

आठवड्यातून एकदा रूळ कोरड्या फडक्याने पुसा. जिना धुताना बादलीभर पाणी ओतू नका, पिळलेलं फडकं पुरे. दात्यांवर कुठलंही स्प्रे तेल मारू नका, मूळ ग्रीस निघून जातं आणि धूळ चिकटते. त्याच वेळी एक चाचणी करा: मधल्या पायरीवर रिकामा खोका ठेवायचा आणि रिकामी खुर्ची रिमोटने त्याच्याकडे पाठवायची. कडा खोक्याला टेकताच ती थांबायला हवी. खोका ढकलत पुढे गेली तर त्या क्षणापासून वापर बंद. धक्के, खरखर, जळका वास, हेही तारखेसह वहीत लिहून ठेवा. टेक्निशियनला त्याचा फार उपयोग होतो.

वर्षातून निदान एकदा सर्व्हिसिंग करून घ्या. वेग वाढल्यास पकडणारा ब्रेक, टोकाचे स्विच आणि पायऱ्यांवरचे बोल्ट तपासणं हे टेक्निशियनचं काम. झाकण आपण उघडायचं नाही. कडांचा सेन्सर सारखा अडतो म्हणून तो बंद करून देणारा माणूस पुन्हा बोलावू नका.

अर्ध्यात अडकलात तर उठू नका. किल्ली, खुर्चीचे हात, खुर्ची सरळ अडकली आहे का, हे बसल्या जागी पाहा आणि उलट दिशेला चालवून बघा. काही खुर्च्यांना हाताने फिरवायचं चाक असतं. असल्यास ते कसं फिरवायचं हे घरातल्या दोघांनी तरी टेक्निशियनकडून शिकून घ्या. आग लागली तर मात्र खुर्ची वापरायची नाही. घरात लहान मुलं असतील तर उतरल्यावर किल्ली काढून घ्या. टेक्निशियनचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत जिन्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे चिकटवा.