जमिनीखालचं खनिज कुणाचं? शोध घेताना या चुका टाळा

सातबाऱ्यावर नाव आपलं, म्हणजे खालचा मुरूम, दगड, कोळसाही आपलाच, हा समज महाराष्ट्रात फार महागात पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम ४८ स्पष्ट आहे: खनिज जमिनीवर असो वा भूगर्भात, शेतात, बांधात किंवा नाल्यात, त्यावरचा हक्क राज्य शासनाचा. भोगवटादार वर्ग १, म्हणजे जमीन मोकळेपणाने विकू शकणारे मालक, असलात तरी यात फरक पडत नाही. त्यामुळे मालक शोधत बसण्यापेक्षा दोन गोष्टी शोधा. या गटावर शासनाने कुणाला काय दिलं आहे, आणि जमिनीचा वरचा भाग वापरला गेला तर मोबदला कुणाकडून मिळायचा.

खरेदीखतातल्या ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’ या ओळीवर विसंबू नका. जे विकणाऱ्याचं नव्हतं ते खताने तुमचं होत नाही. इनामाची जुनी सनद घरात असेल तर मात्र ती आधी मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या आणि मग वकिलाला दाखवा.

दुसरी चूक म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाचं अर्धंच वाक्य धरून बसणं. केरळातल्या मलबारमधील जन्मी (परंपरेने खासगी मालकीच्या) जमिनींच्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की भूगर्भाचा हक्क सामान्यतः जमीनमालकाचा असतो. पण कायदेशीर मार्गाने तो काढून घेतलेला नसेल तरच, हा निकालाचा उरलेला भाग. आपल्याकडे कलम ४८ आडवं येतं.

वणी, भद्रावती, उमरेड अशा कोळसा पट्ट्यात सर्वात मोठी चूक होते ती राजपत्र न पाहण्याची. इथे कोळसाधारी क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ लागू होतो आणि त्याची प्रत्येक पायरी वेगळी आहे. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे फक्त पूर्वेक्षण, म्हणजे खनिजाचा शोध; जमीन अजून गेलेली नसते. दोन वर्षांत, वाढीव मुदत मिळाली तर तीन वर्षांत, पुढची अधिसूचना निघाली नाही तर ही संपते. कलम ७ म्हणजे संपादनाचा इरादा. हरकत घ्यायला इथून फक्त ३० दिवस, आणि बहुतेकांचे तेच हुकतात. कलम ९ ची घोषणा राजपत्रात आली की कलम १० प्रमाणे जमीन किंवा हक्क केंद्र सरकारकडे जातात. सातबाऱ्यावर फेरफार उशिरा चढला तरी कायद्याने ते आधीच गेलेले असतात. म्हणून सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना कोरा आहे एवढ्यावर अशा पट्ट्यात जमीन विकत घेऊ नका. अधिसूचनेच्या अनुसूचीत गाव, तहसील, क्षेत्र आणि भूखंड क्रमांक असतात. ‘सर्व हक्क’ घेतले की फक्त ‘खनन हक्क’, हेही तिथेच दिसतं. मोबदल्याचं सगळं गणित याच शब्दांवर फिरतं.

अनुसूचीत तुमचा क्रमांक दिसत नाही म्हणून सुटलो असंही समजू नका. एकत्रीकरण (जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडणं) झालेल्या गावात जुने सर्व्हे क्रमांक बदलून गट क्रमांक आलेले असतात, आणि जुन्या खाणपट्ट्याच्या (शासनाने खाणकामासाठी दिलेल्या भाडेपट्ट्याच्या) नकाशावर सर्व्हे क्रमांकच असतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा जबाब (जुन्या-नव्या क्रमांकांची नोंद) आणि गटाचा नकाशा काढा, मगच क्रमांक जुळवा.

जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे ‘माझ्या जमिनीखाली काय आहे’ असा मोघम अर्ज दिला तर मोघमच उत्तर येतं. गाव, गट व हिस्सा, हेक्टर-आर क्षेत्र लिहून नकाशा जोडा. मग नेमकं विचारा: या गटावर खाणपट्टा, खदान परवाना, पूर्वेक्षण परवाना किंवा लिलावाचा ब्लॉक आहे का, कोणाच्या नावे, कोणत्या तारखेपर्यंत? मंजूर क्षेत्राच्या नकाशाची प्रतही मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तोच मजकूर द्या; शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. भूवैज्ञानिक नकाशावर खनिजाचा थर दिसणं आणि खाणपट्टा कुणाला मंजूर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

पट्टेदार, म्हणजे खाणपट्टा मिळालेला माणूस किंवा कंपनी, कागद घेऊन दारात आला तर पट्ट्याची प्रत पाहिल्याशिवाय कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका. पृष्ठभागाच्या नुकसानीची भरपाई पट्टेदाराने द्यायची आहे. कलम ४८ मध्येही ती तरतूद आहे आणि १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याच्या कलम २४-अ मध्येही.

गोव्यात इतिहास वेगळा. पोर्तुगीज काळातील खाण सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन खाणपट्टे ठरल्या, आणि त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. जुना सवलतीचा दाखला दाखवून कुणी हक्क विकत असेल तर पैसे देऊ नका.

राहिली माती. पायाची माती त्याच भूखंडावर पसरली तर स्वामित्वधन (रॉयल्टी) लागत नाही. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मातीचा वापर कशासाठी झाला हे निर्णायक मानलं. तीच माती ट्रकने बाहेर गेली की परवाना लागतो, नाहीतर बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. खणण्याआधी आणि नंतर मोजणी ठेवा: ३० फूट लांब, २० फूट रुंद, ५ फूट खोल खड्डा म्हणजे ३,००० घनफूट, म्हणजेच ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पंचनाम्यात याहून जास्त आकडा लिहिला गेला तर सही करताना आपली मोजणी आणि हरकत त्यातच नोंदवून घ्या.