फुकेत-पट्टायात राहायला येणाऱ्यांसाठी: शिक्का, पोलीस ठाणं आणि कोर्ट

थायलंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाची कुरकुर साधारण तिसऱ्या महिन्यात सुरू होते. स्कूटरवाल्याने एका ओरखड्याचे दहा हजार बाथ उकळले, घरमालक डिपॉझिट देत नाही, ठाण्यात कोणी ऐकून घेत नाही, आणि इमिग्रेशनमध्ये दर खेपेला एक कागद कमीच निघतो. तक्रारी खऱ्या आहेत. पण ठाण्यात पाय ठेवला की अंमलदार आधी पासपोर्ट मागतो आणि त्यातला शिक्का बघतो. मुदत उलटलेली असेल किंवा परवान्याशिवाय काम चालू असेल, तर फिर्याद द्यायला गेलेला माणूस स्वतःच आरोपी होऊन बसतो. घरमालक, दुकानमालक, गाड्या भाड्याने देणारा, सगळ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून सुरुवात शिक्क्यापासून.

व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावरची तारीख सांगते की कधीपर्यंत देशात शिरता येईल. किती दिवस राहता येईल ते विमानतळावर मारलेला शिक्का सांगतो, आणि शेवटी तोच धरला जातो. १५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले. हे आकडे सरकार बदलत असतं, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका, काउंटरवरून हलण्याआधी शिक्क्यावरची तारीख वाचा. अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर हेलपाटे पडतात. थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट बनावट समजा.

मुदत संपल्यावर राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, जास्तीत जास्त २०,०००. हा आकडा ऐकून काही जण हिशेब मांडतात की २०,००० भरले की सुटलो. तो हिशेब महागात पडतो. ९० दिवसांहून जास्त ओव्हरस्टे करून स्वतःहून विमानतळावर हजर झालात तरी वर्षभराची प्रवेशबंदी लागते, वर्षाच्या वर गेलात तर ३ वर्षांची, ३ वर्षांच्या वर ५, ५ वर्षांच्या वर १०. आणि स्वतःहून न जाता नाक्यावर पकडले गेलात तर एका दिवसाच्या ओव्हरस्टेलाही ५ वर्षांची बंदी बसू शकते, वर्षाहून जास्त असेल तर १०. पकडलेल्यांची रवानगी बँकॉकच्या सुआन फ्लू इथल्या इमिग्रेशन कोठडीत होते, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःलाच उभे करावे लागतात.

टीएम ३० म्हणजे घरात परदेशी माणूस राहतो हे इमिग्रेशनला कळवणारा फॉर्म, तो घरमालकाने भरायचा. परदेशी माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत. मालक टाळाटाळ करतात, कारण भाड्याच्या उत्पन्नावर कर लागतो आणि घराची नोंद सरकारदरबारी जायला नको असते. पण दंड मालकाचा असला तरी अडकता तुम्ही, कारण या फॉर्मची पावती नसेल तर मुक्काम वाढवून मिळत नाही. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी टीएम ३० भरणार का, हे विचारा आणि करारात लिहून घ्या. नाही म्हणाला तर दुसरं घर बघा, समुद्र तिथूनही दिसतो.

नव्वद दिवसांची हजेरी हा निराळा प्रकार. सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्ता कळवायचा, फॉर्म टीएम ४७. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कार्यालयात चालतो. उशीर झाला तर २,००० बाथ. पहिली हजेरी स्वतः जाऊन द्या, पुढच्या ऑनलाइन जमतात. या हजेरीने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. पावतीवर पुढची तारीख छापलेली असते, ती बघून लोक निर्धास्त राहतात आणि ओव्हरस्टेत जातात. ही चूक शिकलेसवरलेलेही करतात.

मुक्काम वाढवायला टीएम ७, फी १,९०० बाथ, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या सगळ्या वापरलेल्या पानांच्या सही केलेल्या झेरॉक्स. पट्टायावाल्यांचं कार्यालय जोमतिएनच्या सोई ५ मध्ये, बँकॉकचं चेंग वत्थनाला. वर्षभराची वाढ मिळालेली असताना दिवाळीला घरी निघालात तर आधी री-एन्ट्री परमिट काढा: एका फेरीचं १,००० बाथ, अनेक फेऱ्यांचं ३,८००. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षभराची वाढ तिथेच संपते. विमानतळावरही निघण्याआधी परमिट मिळतं, पण रांग बघून वेळ हाताशी ठेवा. आणि दर दोन महिन्यांनी सीमा ओलांडून परत यायचं, हा जुना जुगाड आता चालत नाही. दोन-तीन शिक्के दिसले की प्रश्न सुरू होतात, परत पाठवतातही. अशा वेळी परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि माणशी २०,००० बाथ रोख जवळ असावेत. भारतीय पासपोर्टला गोऱ्यांपेक्षा जास्त प्रश्न विचारतात, ही तक्रार रास्त आहे. काउंटरवर तिचा उपयोग शून्य.

कामाचं

वर्क परमिट नसताना दुकानात नुसतं उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं हेही काम धरतात. पगार मिळतो की नाही, हा प्रश्नच येत नाही. पकडल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड, हकालपट्टी, आणि दोन वर्षं नवीन परमिट नाही. मालकाला माणशी १०,००० ते १,००,००० दंड. साधारण हिशेब असा की एका परदेशी माणसामागे कंपनीचं २० लाख बाथ भरणा झालेलं भांडवल आणि चार थाई कर्मचारी लागतात, आणि वर्षाच्या वाढीसाठी भारतीयाचा पगार महिना ३५,००० बाथच्या खाली चालत नाही. नोकरी देणारा २०,००० देतो आणि ‘कागदावर ३५ दाखवू’ म्हणतो, तेव्हा कर ३५ वर भरावा लागतो आणि भांडण झालं की खोट्या कागदावर सही तुमचीही असते.

नोकरी सुटली की मुक्कामाची परवानगीही त्याच दिवशी संपते. शिक्क्यावर पुढचे आठ महिने दिसत असले तरी. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी पुढची सोय करा.

काही कामं परदेशी माणसाला परमिट काढूनही करता येत नाहीत: गाडी चालवणं, फेरीवाला, केशकर्तन, थाई मसाज, आणि टूर गाइड. हे शेवटचं आपल्या लोकांना नेमकं नडतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या ग्रुपला देवळात उभं राहून मराठीत इतिहास सांगणारा टूर मॅनेजर इथल्या कायद्याने विनापरवाना गाइड ठरतो. शिक्षा वर्षभराची कैद किंवा १ लाख बाथपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बसमध्ये सूचना द्या, वर्णन थाई गाइडला करू द्या.

स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं असेल तर १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्याप्रमाणे परदेशी वाटा ४९ टक्क्यांच्या आत. ‘५१ टक्के नावाला थाई बाईच्या नावे ठेवू’ हा सल्ला देणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. नावापुरता भागीदार ठेवणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. शिवाय त्या भागीदाराने उद्या हात वर केले तर कोर्टात सांगणार काय? खोटा करार होता म्हणून?

जे अजून महाराष्ट्रात आहेत त्यांच्यासाठी: थायलंड ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) देशांच्या यादीत आहे. दहावी न झालेल्यांना नोकरीसाठी यायचं तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाची मंजुरी लागते. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासा. त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट’ अशी ऑफर असेल आणि विमानतळावरून गाडी पश्चिमेला माए सोतच्या दिशेने निघाली, तर पहिल्या पेट्रोल पंपावर उतरा आणि टुरिस्ट पोलिसांना ११५५ वर फोन लावा. सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावड्डीत सायबर फसवणुकीचे कारखाने आहेत. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

ठाण्यात गेल्यावर

११५५ म्हणजे टुरिस्ट पोलीस. इंग्रजी बोलतात, मध्यस्थी करतात, दुभाषा म्हणून सोबत येतात. पण गुन्हा नोंदवून तपास करतात ते जिथे घटना घडली तिथल्या ठाण्याचे पोलीस. तातडीचा नंबर १९१, अॅम्ब्युलन्स १६६९.

ठाण्यात दोन प्रकारच्या नोंदी होतात आणि त्यांतला फरक न कळल्याने निम्म्या तक्रारी वाया जातात. एक ‘बनथुक प्रचाम वान’, म्हणजे रोजनाम्यातली नोंद. विमा किंवा पासपोर्टसाठी ती पुरते, पण तिच्यावर कोणी तपास करत नाही. दुसरी ‘रॉंग थुक’, म्हणजे खटला चालावा अशी फिर्याद. अंमलदाराला पहिली सोपी पडते, म्हणून तो तीच लिहून कागद हातात देतो. खटला हवा असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि नोंदीत ‘दोषींवर कारवाई व्हावी अशी इच्छा आहे’ हे वाक्य आहे का, ते थाई वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.

याला तारखेचीही अट आहे. फसवणूक, अफरातफर आणि बदनामी हे आपसात मिटवता येणारे गुन्हे आहेत. गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद दिली नाही तर फौजदारी मार्ग बंद होतो. भागीदार ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणत बरोबर तीन महिने काढतो. नुसती रोजनाम्यातली नोंद केली असेल तर ती फिर्याद धरली जात नाही.

मारामारी, अपघात यांत पोलीस दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवून रक्कम ठरवायला लावतात. हे बेकायदा नाही, इथली रीतच आहे. आवाज चढवलात की तुमची बाजू पडली. रक्कम ठरली तर ती ठाण्यातच लेखी घ्या. अटक झालीच तर पोलीस ४८ तास ठेवू शकतात, पुढे कोर्ट १२-१२ दिवस वाढवतं, गुन्ह्याप्रमाणे एकूण ४८ किंवा ८४ दिवसांपर्यंत; किरकोळ गुन्ह्यात ७. दुभाषा आणि वकील मागण्याचा हक्क आहे. थाईतल्या जबाबावर न समजता सही करू नका. कबुली दिली तर शिक्षा निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, म्हणून ‘कबूल करा, लवकर सुटाल’ असा सल्ला सगळीकडून मिळतो. छोट्या दंडाच्या बाबतीत तो बरोबर असतो. हकालपट्टी किंवा कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात आधी वकील. बँकॉकमधला भारतीय दूतावास वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. सोडवून आणत नाही.

वाहतूक पोलिसाने अडवलं तर ‘बाई सांग’ मागा, म्हणजे दंडाची चिठ्ठी. नोटा पुढे करणं ही लाच आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. मुंबईची सवय इथे आणू नका. स्कूटरसाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना त्यावर मोटरसायकलचा वर्ग आहे ना, बघा. फक्त कारचा असेल तर अपघातात विमा कंपनी हात झटकते. भाड्याची स्कूटर किंवा जेट-स्की घेताना चारही बाजूंनी, खालूनसुद्धा, तारखेसह व्हिडिओ करा आणि पासपोर्ट कधीही तारण ठेवू नका. रोख डिपॉझिट द्या. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये असेल तर ओरखड्याची किंमत तोच ठरवतो.

घराच्या डिपॉझिटचा वाद सहसा दिवाणी असतो. पोलीस हात वर करतात ते बरोबरच आहे. ग्राहक संरक्षण कार्यालयाचा नंबर ११६६. ग्राहक खटल्यात ग्राहकाला कोर्ट फी नाही आणि दावा तोंडीही मांडता येतो.

चिडून ऑनलाइन लिहायचा मोह आवरा. बदनामी इथे फौजदारी गुन्हा आहे, छापून किंवा पोस्ट करून केली तर २ वर्षांपर्यंत कैद आणि २ लाख बाथपर्यंत दंड. ‘पण खरंच तसं घडलं’ हा बचाव खासगी बाबीत चालेलच असं नाही. कोह चांग बेटावरच्या एका हॉटेलाबद्दल वाईट अभिप्राय लिहिल्याबद्दल २०२० मध्ये एका अमेरिकन पाहुण्याला कोठडी बघावी लागली होती. राजघराण्याबद्दल तर चेष्टेतही काही नको: कलम ११२, प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं.

दिवाळीत रमीचा डाव टाकणाऱ्यांसाठी एक. १९३५ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ ठेवता येत नाहीत. २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी ज्येष्ठांना उचललं, तेव्हा पैसे सापडले नाहीत, पत्त्यांची संख्या नडली. तीन जोड म्हणजे १५६ पत्ते. दोन जोडांवर भागवा, आणि पैसे लावू नका. ई-सिगारेटही बंदीत आहे, बॅगेतून आणू नका.

आपलं बँक खातं कोणाला वापरू देऊ नका, मित्राच्या मित्रालाही. इथे त्याला ‘घोडा खातं’ म्हणतात, ३ वर्षांपर्यंत कैद. तुमचेच पैसे ऑनलाइन गेले तर लगेच १४४१ या ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली तरच हाती लागते.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: ठाण्यातली नोंद, मग दूतावासातून नवा पासपोर्ट किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट (फक्त घरी परतण्यापुरता कागद), मग इमिग्रेशनमध्ये जुना शिक्का नव्यावर चढवून घ्यायचा. हा तिसरा टप्पा विसरून लोक थेट विमानतळ गाठतात आणि विमान चुकतं. आणि परत निघताना ओळखीच्याने दिलेलं ‘थोडं सामान’ घेऊ नका. बँकॉकहून मुंबईत उतरणाऱ्यांच्या बॅगांत हायड्रोपोनिक गांजा वारंवार सापडतो. कस्टमवाले बॅग उघडतात तेव्हा आतला माल ज्याच्या हातात बॅग आहे त्याचाच धरला जातो.