सिंगापुरात मासे खायचे तर

मालवण-रत्नागिरीकडून सिंगापूरला जाताय? मॉलमधल्या महागड्या रेस्टॉरंटपेक्षा सरळ हॉकर सेंटर (एका छपराखाली स्वस्त खाण्याचे अनेक गाळे) गाठा. लिटल इंडियातलं टेक्का सेंटर आपल्याला सोयीचं: एकीकडे मासळीबाजार, दुसरीकडे डोसा-बिर्याणी. संध्याकाळी मात्र न्यूटनच्या हॉकर सेंटरला जा. तिथे केळीच्या पानावर भाजलेली, वर लालभडक सांबल (मिरचीचं वाटण) थापलेली पाकट मिळते. तिखल्याची आठवण येतेच, फक्त तिरफळं नसतात. वजनावर विकतात त्या मासळीचा भाव आधीच विचारून घ्या. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते. (आमच्या काकांनी त्यातलाच कागद काढून घाम पुसला!) जेवल्यावर ट्रे स्वतः परत नेऊन ठेवा, २०२१पासून तसा नियमच आहे.