एन स्केलसाठी दगडी रेल्वे क्वार्टर कसं बनवावं

रेल्वेच्या छोट्या मॉडेलसाठी केलेलं माझं पहिलं क्वार्टर शेजारच्या काकांनी डोळ्यांजवळ धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. काकांची उभी हयात रेल्वेत गेली, संसार दगडी क्वार्टरात झाला. म्हणाले, "झकास झालंय की. पण खिडकीत मांजर कुठं झोपणार?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी करंगळीने खिडकी दाखवली. "आमच्या खिडकीत मांजर आडवं पडायचं बघ दुपारचं. भिंतच तेवढी जाड. तुझी भिंत पत्र्याची वाटतीय."

ते घर मी लग्नपत्रिकेच्या कार्डाचं केलं होतं. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक आराखडे परदेशी विटांच्या घरांचे. त्यांच्या खिडक्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे तिथे कार्ड चालून जातं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या दगडाच्या इमारतीला ते चालत नाही. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली आणि त्या वळणाची दगडी बांधकामं रेल्वे लाइन्स भागात फिरताना अजून दिसतात. त्यांची ओळख म्हणजे खोल खिडकी आणि तिच्यात साठलेली सावली. तेवढी साधली की बाकीच्या चुका लोक माफ करतात.

आधी माप. एन स्केल म्हणजे १:१६०, सगळं खऱ्याच्या १६० पट लहान, रुळांतलं अंतर ९ मिमी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे खरं तर साडेदहा मिमी हवा. दीड मिमी कमी पडतं. बाजारात मिळणारा रूळ ९ चाच, त्यामुळे मी ते सोडून दिलं. (कुर्डुवाडी-बार्शीकडच्यांनी मात्र याच रुळावर १:८७ चं काम करावं. तिकडची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी गेजची होती, ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिमी. ९ मिमीचा रूळ त्यांच्यासाठीच घडवल्यासारखा बसतो.) इमारतीला रुळाची अडचण नसते. तिथे एकच आकडा पाठ करा: एक फूट म्हणजे १.९ मिमी. सात फुटी दार १३ मिमी, साडेपाच फुटी माणूस साडेदहा मिमी.

खऱ्या इमारतीचं माप घ्यायला आत शिरायची गरज नाही. बरोबर कुणाला तरी घ्या, त्याच्या हातात कापड दुकानात असते तशी मीटरपट्टी द्या, त्याला भिंतीला टेकून उभं करा आणि अगदी समोरून फोटो काढा. पट्टीवरून दाराची उंची काढायची, दारावरून भिंतीची. दगडाचे थर मोजून ठेवा, पुढे लागतात. फोटो सकाळी काढा. भर दुपारी वळचणीची सावली निम्मी भिंत गिळते. कुणी राहत असेल तर आधी विचारा आणि फोटोसाठी रुळांवर उतरू नका.

माझं क्वार्टर समोरून ३० फूट, मागे २० फूट खोल, भिंत ११ फूट उंच. म्हणजे ५७ × ३८ मिमी आणि उंची २१ मिमी. सगळं घर तळहातावर मावतं. आराखडा मिलिमीटरच्या ग्राफ पेपरवर काढा. आमच्या घरात ग्राफची चळतच असायची, कारण वडील जकार्डच्या चादरींची डिझाइनं चौकोन रंगवून काढायचे. त्यांचा एक नियम मला इथे कामी आला: एका चौकोनापेक्षा बारीक काही असेल तर ते काढू नये, त्याचा भास करावा. खिडकीचा १२ मिमीचा गज या मापात केसाएवढा होतो. तो कापत बसू नका.

भिंतीसाठी ३ मिमीचा सनबोर्ड घ्या. शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीवाले विकतात तोच. ३ गुणिले १६० म्हणजे ४८० मिमी, जवळजवळ १९ इंच. जुनी दगडी भिंत साधारण दीड फुटाची असते, म्हणजे बोर्डाची जाडी आयती जुळते. पुढची-मागची भिंत पूर्ण ५७ मिमीची कापा. बाजूच्या दोन भिंती ३८ मधून दोन्हीकडची जाडी वजा करून ३२ मिमीच्या, पण त्यांचा माथा त्रिकोणी ठेवा, मध्यभागी ११ मिमी जास्त उंच. स्टीलची पट्टी दाबून धरा आणि कटर तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा. एका झटक्यात कापायला गेलात तर कड तिरकी जाते आणि कधी बोटही. खिडक्या साधारण ६ × ७.५ मिमीच्या. त्यांचे कोपरे आधी सुईने टोचून घ्या, म्हणजे पातं पुढे घसरत नाही.

आता दगड. हे काम घाईचं नाही, एक अख्खी संध्याकाळ द्या. संपलेलं बॉलपेन घेऊन बोर्डावर आडव्या रेघा दाबायच्या. २१ मिमीत १६ थर, म्हणजे दोन रेघांत सव्वा मिमीहून किंचित जास्त. उभ्या रेघा एका थरात मारल्या की पुढच्या थरात सरकवून मारा. एकाखाली एक सांधे आले की भिंत दगडाची न राहता बाथरूमच्या टाइल्सची दिसते. दगड सारख्या लांबीचे नकोत. एक दोन मिमीचा, एक साडेतीनचा, एक चौकोनीच. दारा-खिडक्यांवर आडवा मोठा दगड सोडा. कोपऱ्यावर भिंती चिकटवल्यावर रेघा या भिंतीवरून त्या भिंतीवर वळवून घ्या, तिथला सांधा त्यातच लपतो. चिकटवायला फेविक्विक चालतं, पण थेंब टाचणीच्या टोकाने लावा.

रंगात सगळे एकच चूक करतात: काळा दगड म्हणून काळा रंग. सोलापूरच्या उन्हात तो दगड काळा दिसतच नाही. राखाडी दिसतो, थोडा तपकिरी, आणि ढगाळ दिवशी निळसर. ॲक्रिलिकचा राखाडी घ्या, त्यात चिमूटभर तपकिरी मिसळा आणि सगळी भिंत रंगवा. वाळल्यावर दहा-पंधरा दगड थोड्या वेगळ्या छटेचे करा. मग पांढऱ्यात कणभर मातकट रंग घालून ताकासारखा पातळ करा, भिंतीवर फिरवा आणि लगेच जुन्या बनियनच्या फडक्याने पुसा. रेघांत राहिला तो चुना. खालचे तीन-चार थर पावसाच्या शिंतोड्यांनी मातीच्या रंगाचे झालेले असतात, तेही करा. भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर आत दिवा लावल्यावर सनबोर्ड कंदिलासारखा उजळतो.

खिडकीची चौकट करायला पांढऱ्या चिकट लेबलवर हिरवा रंग द्या, वाळल्यावर अर्ध्या मिमीच्या पट्ट्या कापा आणि ओएचपी शीटच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर लावा. गज काळ्या पेन्सिलीने ओढा. हा तुकडा भिंतीच्या आतल्या बाजूने चिकटवायचा. बाहेरून पाहिलं की खिडकीत ३ मिमीची खोली मिळते. मांजराची सोय झाली.

भिंत जाड केली, तशी छपराची कड बारीक हवी. इथे लग्नपत्रिकेचं कार्ड आता उपयोगी पडतं. प्रत्येक बाजूचा उतार २२ मिमीचा, त्यात वळचणीचे ३ मिळवून २५. लांबी दोन्ही टोकांना २-२ मिमी जास्त धरा. कार्डाला फेविकॉल लावण्याआधी दोन्ही बाजूंनी लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या. आमच्या मातोश्रींनी "लवकर वाळेल" म्हणून एकदा ओलं छप्पर मे महिन्यात गच्चीवर ठेवलं. दहा मिनिटांत त्याचा उडदाचा पापड झाला. सावलीत, वर वही ठेवून वाळवा.

मंगलोरी कौलांची रांग या मापात साधारण २ मिमीची दिसते. साध्या झेरॉक्सच्या कागदाखाली मऊ वही ठेवा आणि त्याच रिकाम्या पेनाने सव्वा-सव्वा मिमीवर उभ्या रेघा दाबा. मग रेघांना आडव्या अशा ३ मिमी रुंद पट्ट्या कापा. वळचणीपासून सुरुवात करून एकावर एक चढवत वर जा, प्रत्येक पट्टी २ मिमी उघडी राहील अशी. एका उताराला तेरा पट्ट्या लागतात. पट्टी केसभर वाकडी बसली तर सरळ करू नका. वानरं आणि क्रिकेटचा चेंडू यांतून सुटलेलं कौलारू छप्पर मी पाहिलेलं नाही. आधी विटकरी रंग, मग काही कौलं काळसर आणि दोन-चार नवी कोरी भगवी. शेंड्यावर घडी घातलेली कागदाची पट्टी बसवली की छप्पर झालं.

जोतं म्हणजे त्याच सनबोर्डाचा, घरापेक्षा सगळीकडून ३ मिमी मोठा तुकडा. जमिनीवर नुसता ठेवलात तर घर खोक्यासारखं ठेवलेलं दिसतं. जोत्याभोवती चाळलेली माती पातळ फेविकॉलने लावा, फट बुजेपर्यंत.

शेवटी दारापुढचा पसारा. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे निळ्या बॅरलशिवाय घर खरं वाटणार नाही. बॉलपेनची रिफिल रिकामी करून साडेपाच मिमीचे तीन तुकडे कापा आणि निळे रंगवा, दोनशे लिटरच्या पिंपाच्या मापाला ते जवळपास उतरतात. दोन टाचण्या रोवून त्यांच्यात दोरा ताणा. ६० × ९० इंची चादर या मापात साडेनऊ × सव्वाचौदा मिमीची होते. टिश्यू पेपरचा एकच पदर घ्या, त्यावर लाल-हिरव्या पट्ट्या ओढा आणि पाण्याच्या थेंबाने ओला करून दोरीवर मधोमध टाका. वाळेपर्यंत हात लावू नका, फुंकरही नको आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.