नाटक, भीमगीतं, ऑर्केस्ट्रा: एकाच गिटारवर सगळं वाजवायचं तर पिकअप आणि वायरिंग कसं निवडाल?

दिवाळी झाली की वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. तोच गिटारवादक एप्रिलमध्ये भीमजयंतीला वाजवतो आणि नवरात्रात देवीच्या मंडपातही. प्रत्येक कामाला वेगळी गिटार घेणं गावातल्या वादकाला परवडत नाही. म्हणून सुताराकडून सागवानाची बॉडी करून घेणार असाल, तर पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग) आधी ठरवा आणि मगच खाचा कोरायला सांगा. पुश-पुल पॉट (आवाज किंवा टोन कमी-जास्त करणारा, शिवाय ओढला-दाबला की स्विचचं काम करणारा नॉब) साध्या पॉटपेक्षा लांब असतो, त्यामुळे कंट्रोलची खाच खोल लागते. पॉट सुताराच्या हातात देऊनच माप घ्यायला लावा.

आवाजाआधी विचार करायचा तो गुणगुणीचा. मंडपात लाइटच्या माळा, डिमर, जनरेटर सगळं शेजारी असतं आणि सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचा पिकअप विजेची 50 हर्ट्झची गुणगुण थेट ओढून घेतो. 1955 मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर हमबकर बनवला. त्यात दोन कॉइल असतात. त्यांचे वेढे आणि चुंबकाची टोकं एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे तारांचा आवाज जुळून वाढतो आणि गुणगुण एकमेकांत विरते.

माझं स्पष्ट मत: ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात त्या बाजूला) हमबकर, मधे आणि नेकला (गिटारच्या मानेजवळ) सिंगल कॉइल, सोबत पाच खटक्यांचा स्विच. ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीत लीड वाजवायला हमबकर लागतो, तर गाण्यामागे हलके कॉर्ड नेकच्या सिंगलवर खुलतात. मधला पिकअप उलट वेढ्याचा आणि उलट चुंबकाचा मागा, म्हणजे स्विच मधला-नेक जोडीवर असताना गुणगुण राहत नाही. हमबकर चार वायरींचाच घ्या. दोन वायरींच्या हमबकरची एक कॉइल पुश-पुलने बंद करता येत नाही, आणि एका पिकअपमधून दोन आवाज मिळवायचे तर तीच सोय हवी.

दुकानात मल्टीमीटर न्या. सिंगल कॉइल साधारण 5 ते 7 किलोओहम, जुन्या धाटणीचा हमबकर 8 च्या आसपास, जोरकस 14 च्या वर दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली समजा. मात्र जास्त ओहम म्हणजे चांगला पिकअप, असं मुळीच नाही.

पॉट 500 किलोओहमचे लावा. त्यावर सिंगल कॉइल कर्कश वाटले, तर त्यांच्या गरम, म्हणजे सिग्नलच्या वायरीपासून ग्राउंडला 470 किलोओहमचा रेझिस्टर जोडा. टोनला 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरे. महागड्या कपॅसिटरवर पैसे घालू नका, तेच चांगल्या स्विचवर घाला. धुळीने आधी स्विचच खराब होतो.

बाहेरची गुणगुण अडवायला खाचांना आतून तांब्याची टेप लावा, तिचे तुकडे एकमेकांना सोल्डर करा आणि ग्राउंडला जोडा. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीवर आणा.

तारा चढवण्याआधी ॲम्प हळू ठेवून प्रत्येक पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवा आणि पाचही खटके तपासा. तारा चढल्यावर त्यांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी. वाढली, तर जॅकवर गरम आणि ग्राउंड वायरी उलट लागल्या आहेत. हाताला झिणझिण्या आल्या तर वाजवणं लगेच थांबवा. दोष मंडपाच्या अर्थिंगचा किंवा ॲम्पचा असू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका, आणि मंडपवाल्याला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावायला सांगा.